बालवाडीतील नानखटाई

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून नानखटाईवर भाषण व्हावे, हे काहींना औचित्यभंगासारखे वाटेल. साठ वर्षांच्या वाटचालीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सांगणारे अधिकारी वक्ते आज उपस्थितही आहेत. तरीही हा विषय निवडला गेला तो एका पालकांच्या प्रश्नामुळे. बालवाडीच्या पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले होते, “मुलाला मराठी शाळेत घातले तेच घरच्यांशी वाद घालून. आता तो घरी येऊन सांगतो, आज आम्ही पीठ चाळले. नातेवाइकांना आम्ही काय सांगायचे?” सभेत हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. बडोद्यासारख्या शहरात आज मराठी माध्यम निवडणारे आईवडील तो निर्णय सहजासहजी घेत नाहीत. आपल्या लेकराचे काही नुकसान तर होत नाही ना, ही शंका त्यांच्या उशाशी असते. अशा पालकांना ‘खेळातून शिक्षण’ एवढे दोन शब्द सांगून परत पाठवणे म्हणजे त्यांची बोळवण करणे होय. त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे शाळेकडे बाकी होते.

उपस्थितांपैकी जे पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांना बेकरीची भट्टी आठवत असेल. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरातून तूप, मैदा, पिठीसाखर मोजून घ्यायची आणि मोकळे पत्र्याचे डबे घेऊन भट्टीवर जायचे. तिथे आधीच रांग असे. बेकरीवाला आपल्यासमोर माल कालवून घेई, पत्र्यांवर गोळे मांडी आणि लांब दांड्याच्या फळीने ते पत्रे भट्टीत सरकवी. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून घरातले एक मूल पहाऱ्याला बसवलेले असे. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव असे. संध्याकाळी गरम डबा मांडीवर घेऊन सायकलच्या दांडीवर बसून घरी येताना जो वास येई, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. महाराष्ट्रात काय आणि गुजरातेत काय, चित्र थोड्याफार फरकाने हेच होते.

नानखटाईचा उगमही आपल्या शेजारचाच मानला जातो. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती. तेथील पाव भाजण्याचे काम पुढे एका पारशी बेकरीवाल्याकडे आले आणि ताडीने फुगवलेला, अंडे घातलेला माल स्थानिक गिऱ्हाइकांना चालेना म्हणून त्याने ताडी व अंडे दोन्ही वगळून ही खुसखुशीत वस्तू केली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील इतिहासकारांनी तपासावा. बालवाडीच्या दृष्टीने कामाची गोष्ट एवढीच, की नानखटाईत अंडे नसते, त्यामुळे कोणत्याही घरातल्या मुलाला ती हातात घेण्यास अडचण नसते. आणि बिस्किटांच्या सगळ्या प्रकारांत लहान हातांना इतका सोपा दुसरा प्रकार क्वचितच असेल.

सोपा का, हे नीट पाहिले पाहिजे. पोळीची कणीक चार वर्षांच्या मुलाला जमत नाही. पाणी जरा जास्त झाले की ती हाताला चिकटते, कमी झाले की घट्ट होते. मग मूल रडते आणि मोठे माणूस परात ओढून घेते. नानखटाईत पाणी नाही. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला की त्यात चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, नानखटाईला मुळीच नको. येथे तूप पिठाच्या कणांना माखते आणि तो चिवटपणा येऊच देत नाही. म्हणून या पिठाला मळायचे नसते, फक्त एकत्र आणायचे असते. मुलाने गोळा सात वेळा मोडून सात वेळा वळला तरी फारसे बिघडत नाही. चुकीला इतकी जागा ठेवणारा पदार्थ स्वयंपाकघरात शोधून सापडणार नाही.

प्रमाणही मुलांच्या लक्षात राहील असे आहे. एक वाटी थिजलेले तूप, एक वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. वाटी मध्यम असेल तर एवढ्यात वीसेक नानखटाया होतात. तूप थिजलेलेच हवे. ते साखरेबरोबर हाताने फेसत राहिले की हळूहळू पांढरे आणि हलके होऊ लागते; हे काम दहा मिनिटांचे आहे आणि मुलांना त्याचा कंटाळा येत नाही, कारण रंग डोळ्यांदेखत बदलतो. बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग करू नये. तूप पातळ राहते आणि पत्र्यावर नानखटाईऐवजी चकत्या पसरतात. डिसेंबर-जानेवारी हा त्याचा खरा हंगाम. गेल्या वर्षी बालवाडीने तो मार्चमध्ये करून पाहिला आणि चकत्याच खाल्ल्या.

आता त्या वर्गात प्रत्यक्ष काय होते ते. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गटापुढे एक परात. हात धुणे, नखे पाहणे हा पहिला कार्यक्रम. एक मूल चाळणी धरते, दुसरे तिला बाजूने थापट्या देते. पीठ खाली पडते आणि बरेचसे परातीबाहेरही पडते. वाटीने मोजताना वाटी शिगोशीग भरायची की सपाट, यावर चर्चा होते आणि मग सुरीच्या पाठीने वरचे पीठ सपाट करणे हे एक मोठे जबाबदारीचे काम होऊन बसते. त्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात. कच्चे पीठ तोंडात घालायचे नाही हा नियम आधी सांगितलेला असतो, कारण न भाजलेल्या पिठातून पोटाला बाधा होऊ शकते. गहू, दूध वा सुक्यामेव्याची बाधा कोणाला होते का, हे घरी आधी विचारून ठेवलेले असते. ओव्हनजवळ फक्त मोठी माणसे. एवढी पथ्ये पाळली की उरलेले सारे मुलांचे.

अवघड भाग मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे. परातीशेजारी उभ्या असलेल्या ताईंनी हात पाठीमागे धरून ठेवावेत असा बालवाडीत दंडक आहे, आणि तो पाळणे किती कठीण जाते हे त्या ताईंनाच विचारावे. मुलाच्या हातून पीठ सांडत असते, एक गोळा लिंबाएवढा आणि दुसरा बोराएवढा होत असतो. मदतीला धावण्याची ऊर्मी बोटांच्या टोकांपर्यंत येते. नेमके तिथेच थांबायचे. लिंबाएवढा गोळा आतून कच्चा राहील आणि बोराएवढा करपेल, हे सांगून कळत नाही, पत्रा बाहेर आल्यावर कळते. आणि दुसऱ्या खेपेला मुले गोळे एकमेकांशेजारी ठेवून मापे जुळवू लागतात. समान आकार ही गणितातली कल्पना त्यांच्या हाती अशी येते. वीस मुले, प्रत्येकी दोन, म्हणजे किती, आणि त्यासाठी वाटीचे माप दुप्पट करायचे का, हा प्रश्नही परातीपुढेच सुटतो, पाटीवर नंतर येतो.

हे काही या शाळेने शोधून काढलेले नाही. 1907 साली रोममधील गरीब वस्तीत माँटेसोरीबाईंनी पहिले बालगृह उघडले, तेव्हापासून रोजच्या जीवनातली खरी कामे, म्हणजे ओतणे, पुसणे, वाढणे, घडी घालणे, ही त्यांच्या पद्धतीचा पाया राहिली आहेत. आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून तिथे काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी होत्या, ही गोष्ट गुजरातेतील मराठी माणसाने विसरू नये. पुढे त्याच ताराबाईंनी बोर्डीला आणि मग कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. महागडी साधने आणणे शक्य नव्हते, तेव्हा खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. त्या परंपरेत परात आणि चाळणी अगदी चपखल बसतात. उलट, रंगीत प्लास्टिकच्या खोट्या भातुकलीवर शेकडो रुपये खर्च करणारे पालक खरी चाळणी मुलाच्या हाती द्यायला का बिचकतात, हे एक कोडेच आहे.

पण मराठी शाळेपुरते बोलायचे तर परातीचे आणखी एक महत्त्व आहे आणि त्या वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. बडोद्यात वाढणाऱ्या मराठी मुलाभोवती रस्त्यावर गुजराती असते, पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी. मराठी उरते ती घरात. आणि घरात तरी कोणती? ‘चल’, ‘ऊठ’, ‘जेव’, ‘आवर’, ‘अभ्यास झाला का?’ धावपळीच्या घरात मुलांशी होणारे मराठी बोलणे बहुतांशी आज्ञार्थी झाले आहे. भाषेचा जो मोठा साठा कामाबरोबर येत असे, तो काम बंद होताच आटला. चाळणे, पाखडणे, निवडणे, कालवणे, फेसणे, मळणे, तिंबणे, थापणे, वळणे, या प्रत्येक क्रियापदात हाताची एक वेगळी हालचाल आहे. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा ही मापे शरीरातच आहेत. शब्दकोशातून किंवा चित्रांच्या तक्त्यांवरून हे शब्द शिकवता येतात, पण ते तक्त्यावरच राहतात. तूप फेसताना ‘फेसणे’ एकदा ऐकले की पुरते.

बालवाडीतली मुले परातीशी बसून जी भाषा बोलतात ती ऐकण्यासारखी असते. “ताई, लोट बांधला!” असे एक मूल ओरडते. गुजरातीत पीठ म्हणजे लोट, आणि तो बांधायचा असतो. दुसरे चिमटीला चपटी म्हणते, ओंजळीला खोबो. अशा वेळी हसायचे नाही आणि चूक म्हणून दुरुस्तही करायचे नाही, असे ठरले आहे. ताई फक्त म्हणतात, “हो, छान मिळून आलं पीठ. आता चिमूटभर मीठ कोण घालणार?” मूल मीठ घालते आणि शब्द उचलते. खोबोही त्याच्याजवळ राहतो आणि ओंजळही. दोन्ही असणारे मूल श्रीमंतच म्हणायचे. शुद्धतेच्या आग्रहापायी खोबो हिसकावून घेणारी मराठी शाळा मुलाला मराठीपासूनच दूर ढकलील.

एक मुलगा वर्गात बोलत नाही. परातीमुळे तो बोलू लागला, असे सांगितले तर टाळ्या पडतील, पण ते खरे होणार नाही. तो अजूनही फार कमी बोलतो. मात्र चाळणी हवी असली की तो ‘चाळणी’ म्हणतो आणि शेजारच्या मुलाने ती सोडली नाही तर ‘आता माझी पाळी’ असेही म्हणतो. तीन महिन्यांची जमा एवढीच. ती किती मोठी आहे ते त्याच्या आईला माहीत आहे.

आता एका फजितीविषयी, कारण ती लपवून हे सारे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या जानेवारीत नानखटाईचा दुसरा पत्रा करपला. पहिला पत्रा 170 अंशांवर अठरा मिनिटांत उत्तम झाला होता. दुसरा आत गेला तेव्हा एक पालक भेटायला आल्या, ताई बोलण्यात गुंतल्या, आणि ओव्हन तर पहिल्या खेपेने आधीच तापलेला. वास आला तेव्हा मागच्या दोन ओळी काळ्या झाल्या होत्या आणि मधल्या तपकिरी. दहा मुलांचा माल त्या पत्र्यावर होता. शाळा सुटायला पाऊण तास उरलेला.

शिक्षिकांच्या खोलीत विचारविनिमय झाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो नानखटाई आणवावी, डबे भरावेत, मुलांना कळणारही नाही, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्या ताईंच्या मनात मुलांविषयी मायाच होती. हिरमुसलेली दहा तोंडे त्यांना बघवणार नव्हती. बहुतेकांना ती पटलीही. तेवढ्यात बालवाडीच्या मदतनीस बाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “आणि अंगठा कोणाचा हो त्यावर?” प्रत्येक मुलाने आपापल्या गोळ्यावर अंगठा दाबून खळगा केला होता. दुकानातल्या नानखटाईवर पिस्त्याचा तुकडा असतो, अंगठा नसतो.

पत्रा तसाच वर्गात नेला गेला. मुले गोळा झाली. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही, मग एक मुलगी पुढे येऊन बोट दाखवून म्हणाली, “ही माझी. हे माझं बोट आहे.” मग एकेकाने आपापली ओळखली. करपल्या का, यावर खल झाला. ‘जास्त वेळ ठेवल्या’ हे एक कारण निघाले. दुसरे कारण एका मुलाने काढले, की मागच्या काळ्या आहेत आणि पुढच्या नाहीत, म्हणजे ओव्हन मागून जास्त तापतो. ताईंनी मुलांसमोर सांगितले की लक्ष त्यांचे नव्हते आणि चूक त्यांची होती. मुलांनी ते फार सहज घेतले. मोठी माणसेही चुकतात, ही बातमी त्यांना नवी नसावी. कोळसा झालेल्या सहा नानखटाया खाण्याजोग्या नाहीत असे ठरून टाकून दिल्या गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांना पहिल्या पत्र्यावरच्या मुलांनी आपल्यातल्या द्याव्यात असे कोणी सुचवले नव्हते. चौघांनी दिल्या, बाकीच्यांनी डबे घट्ट धरून ठेवले. चार-पाच वर्षांच्या मुलांकडून याहून अधिक उदारतेची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या दिवशी एका आईंचा नाराजीचा फोन आला, की करपलेले अन्न मुलांच्या डब्यात का दिले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते आणि शाळेने तसे त्यांना सांगितले. एका घरी आजोबांनी नातवाची नानखटाई चहाबरोबर घेतली. खालचा काळा भाग सुरीने खरवडून काढला आणि वरची खाल्ली. नातवाने त्यांना समोर बसवून ऐकवले की पत्रा मध्येच एकदा फिरवायचा असतो, नाहीतर मागच्या करपतात. आजोबा जन्मभर वर्कशॉपमध्ये काम केलेले गृहस्थ. त्यांनी शाळेत येऊन ओव्हनची मागची कॉइल पाहिली आणि ती खरोखरच वाकलेली निघाली.

घरी करून पाहू इच्छिणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द. रात्री साडेनऊ वाजता, दमून आल्यावर, ‘मुलांसोबत काहीतरी करायला हवे’ या अपराधी भावनेने परात काढू नये. त्याने मुलाचे आणि स्वतःचे दोघांचेही डोके तापते. रविवारची सकाळ घ्यावी आणि माप एकाच वाटीचे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून, वर जाळी ठेवून, शिटी आणि रबरी कडे काढून, पाणी न घालता मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटांत नानखटाई उत्तम भाजते. कुकर आधी दहा मिनिटे तापवून घ्यावा. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते. तशी ती लागणारच, निवल्यावर खुसखुशीत होते. घाबरून पुन्हा आत सारू नये. निवेपर्यंतची ती पंधरा मिनिटे मुलांना सर्वांत लांब वाटतात. त्या वेळात परात, चाळणी आणि ओटा पुसून घ्यावा, आणि तो मुलांनीच. पुसणे मुलींना आणि चाखणे मुलग्यांना, अशी वाटणी काही घरांत अजून दिसते. बालवाडीत ती नाही, आणि घरी वडिलांनी स्वतः फडके हातात घेतले तर शाळेचे काम बरेच हलके होईल.

ज्या वडिलांनी प्रश्न विचारला होता ते आज येथे उपस्थित आहेत. या उत्तराने त्यांच्या नातेवाइकांचे समाधान होईल असा दावा नाही. त्यांच्या मुलाने मात्र घरी आईला ‘तूप अजून फेसायला हवं, पांढरं नाही झालं’ असे सांगितले, हे त्यांनीच काल फाटकाशी उभे राहून ऐकवले.

महोत्सवाच्या समारोपाआधीच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता बालवाडीच्या ओसरीवर पुन्हा पराती मांडल्या जाणार आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना येता येईल त्यांनी अवश्य यावे. घरून एक वाटी थिजलेले तूप आणि एक रिकामा डबा आणावा. डब्यावर कागद चिकटवून नाव लिहावे, म्हणजे मिसळामिसळ होणार नाही. आजोबांनी कॉइल सरळ करून दिलेली आहे, तरीही पत्रा मध्येच एकदा फिरवण्याची जबाबदारी मोठ्या गटातल्या दोघांनी मागून घेतली आहे. पाहुण्यांनी परातीशेजारी हात पाठीमागे धरून उभे राहावे.